स्कायसर्व्हर: बटू दीर्घिकेतल्या ताऱ्यांचा लोह-मॅग्नेशियम रिपोर्ट, फुकटात आणि घरबसल्या

कुठली सर्व्हिस: स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश मोजणाऱ्या प्रकल्पाची स्कायसर्व्हर नावाची वेबसाइट, आणि तिच्यातला अपोजी नावाचा ताऱ्यांच्या रसायनाचा डेटा, रिलीज १७, म्हणजे सतरावी आवृत्ती. किंमत शून्य. माझे मार्क पाचपैकी साडेचार, अर्धा कुठे कापला ते खाली येईलच.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे मी हे कुठल्या नजरेने बघितलं ते कळेल. मी मराठवाड्यात माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते. शेतकरी माती आणतात, आम्ही तिचा अर्क काढतो, तो मशीनच्या ज्योतीत सोडतो आणि लोह, जस्त, तांबं, मँगनीज किती आहे ते रिपोर्टवर लिहितो. मशीनचं पूर्ण नाव अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन स्पेक्ट्रोफोटोमीटर, लॅबमध्ये सगळे एएएस म्हणतात. तत्त्व एवढंच की प्रत्येक मूलद्रव्य ठरलेल्या तरंगलांबीचाच प्रकाश गिळतं, लोहाच्या दिव्याचा २४८.३ नॅनोमीटरचा प्रकाश ज्योतीतून किती कमी होऊन बाहेर आला ते मोजलं की लोह किती ते निघतं. बारा वर्षं हेच करतेय. आणि हेच काम कोणीतरी लाखो प्रकाशवर्षं लांबच्या ताऱ्यांवर करून त्याचे आकडे सगळ्या जगासाठी उघडे ठेवलेत हे मला भाच्याने दाखवलं तेव्हा मी त्या दिवशी रात्री दीडपर्यंत लॅपटॉपसमोरून उठले नाही.

भाचा बीएस्सीला आहे, म्हणाला, मावशी तू मातीचं करतेस ना, हे बघ ताऱ्यांचं. त्याआधी मी खगोलशास्त्राच्या एका ऑनलाइन कोर्सला चांगले पैसे भरले होते, नाव घेत नाही, पण त्यात सुंदर फोटो आणि संगीत सोडून हाताला काही लागलं नव्हतं, एक आकडा कुणी स्वतः काढून बघा म्हणालं नव्हतं. इथे पहिल्या संध्याकाळीच माझ्या एक्सेलमध्ये खऱ्या ताऱ्यांचे खरे आकडे होते.

आता डेटा कसा गोळा झाला ते थोडं सांगते कारण त्यावर विश्वास किती ठेवायचा ते त्यावरच ठरतं. अपोजीची दोन सारखी यंत्रं आहेत, एक अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या अपाची पॉइंटला, दुसरं चिलीमध्ये लास कंपानासला, दोन्हीकडच्या दुर्बिणी अडीच मीटरच्या. या रिलीजच्या वेळी पद्धत अशी होती, ॲल्युमिनियमच्या मोठ्या थाळीत आकाशातल्या ताऱ्यांच्या जागेनुसार भोकं पाडायची, प्रत्येक भोकात माणसाने हाताने एक ऑप्टिकल फायबर खोचायची, अशा ३०० फायबर एका वेळी. त्यातल्या ३५ मोकळ्या आकाशावर आणि ३५ आपल्या हवेची खोट मोजायला ठेवलेल्या ताऱ्यांवर, उरलेल्या २३० कामाच्या. हे वाचलं आणि मला एकदम आपली ब्लँक (नमुन्याशिवायचा कोरा द्रव) आणि स्टँडर्डची (प्रमाण आधीच माहीत असलेला द्रव) पद्धत आठवली. ज्या लॅबमध्ये ब्लँक लावत नाहीत तिचा रिपोर्ट मी हातात धरत नाही, इथे सव्वादोनशे नमुन्यांमागे सत्तर तपासण्या लावल्यात हे बघून माझा जीव भांड्यात पडला. यंत्र द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेलं असतं आणि प्रकाश बघतं तो इन्फ्रारेड, १.५१ ते १.७० मायक्रॉन. आकाशगंगेच्या पट्ट्यातली धूळ या प्रकाशाला फारशी अडवत नाही, म्हणून हा निवडला.

रिलीज १७ डिसेंबर २०२१ मध्ये आलं, त्यात साडेसहा लाखांच्या वर तारे आहेत आणि प्रत्येकाची वीसेक मूलद्रव्यं काढायचा प्रयत्न केलाय. बहुतेक तारे आपल्याच आकाशगंगेतले. पण माझा जीव अडकला तो शेजारच्या बटू दीर्घिकांमध्ये, म्हणजे आकाशगंगेभोवती फिरणाऱ्या छोट्या छोट्या दीर्घिका, स्कल्प्टर, फॉर्नॅक्स, कालेय, ध्रुवमत्स्य, कॅरिना, सेक्स्टन्स. यांचे काही निवडक तारे अपोजीने मुद्दाम धरलेत, ते इतके अंधुक आहेत की एकाच थाळीवर पुन्हा पुन्हा फेऱ्या करून प्रकाश साठवावा लागला.

मी सुरुवात स्कल्प्टरपासून केली. हार्लो शॅपली यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बॉयडन केंद्रातून काढलेल्या काचेच्या प्लेटवर ही दीर्घिका सापडल्याचं १९३८ मध्ये जाहीर केलं, साधारण पावणेतीन-तीन लाख प्रकाशवर्षं लांब, वायू संपलेला, नवीन तारे जन्मायचे केव्हाच थांबलेत आणि बहुतेक तारे दहा अब्ज वर्षांहून जुने. म्हणजे तिचा हिशोब बंद झालेला आहे, वही मिटलेली आहे, आणि अशी मिटलेली वही वाचायला सोपी जाते असं माझं मत. नोव्हेंबरात रात्री नवाच्या सुमाराला आपल्याकडून दक्षिणेला, मीनास्य ताऱ्याच्या पूर्वेला ती असते, डोळ्याला अर्थात काहीच दिसत नाही.

वापरायची पद्धत अशी. स्कायसर्व्हरच्या पानावर एसक्यूएल सर्च म्हणून खिडकी आहे, एसक्यूएल म्हणजे तक्त्यांतून माहिती मागायची भाषा. त्यात दोन तक्ते जोडायचे, अपोजीस्टार आणि अ‍ॅस्पकॅपस्टार, पहिल्यात ताऱ्याची जागा आणि वेग, दुसऱ्यात रसायन. जागा द्यायची १५ अंशाच्या आसपास विषुवांश आणि उणे ३३.७ च्या आसपास क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश. पण नुसती जागा देऊन भागत नाही हे नीट लक्षात घ्या, कारण त्याच दिशेला मधे आपल्या आकाशगंगेचे तारे पण येतात, तेही यादीत घुसतात. त्यांना वेगळं करायचं वेगावरून. स्कल्प्टर आपल्यापासून सेकंदाला साधारण १११ किलोमीटर वेगाने दूर जातंय, तेव्हा त्या वेगाच्या आसपासचेच तारे ठेवायचे. कालेयसाठी हाच आकडा उणे २९१, म्हणजे ती आपल्याकडे येतेय, आणि तिथे गाळणी अजून स्वच्छ होते कारण इतक्या वेगाने येणारे परके तारे फार थोडे. दुसऱ्याच्या बांधावरची माती पिशवीत आली तर अख्खा रिपोर्ट चुकतो, ही पायरी कोणी गाळू नका.

अजून एक, जिथे मोजमाप जमलं नाही तिथे उणे ९९९९ लिहिलेलं असतं, ते आधी काढा नाहीतर आलेख सगळा एका कोपऱ्यात गोळा होतो. आणि ज्या ताऱ्यांवर स्टारबॅड नावाची खूण आहे ते सरळ वगळा. मग सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाईल, उतरवून घ्यायची, एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कशातही उघडते.

आकडे वाचायला मला थोडा वेळ लागला. इथे पीपीएम नाही. लोहाचा आकडा सूर्याशी तुलना करून आणि लॉगमध्ये देतात, शून्य म्हणजे सूर्याएवढं लोह, उणे १ म्हणजे सूर्याच्या दहावा भाग, उणे २ म्हणजे शंभरावा. पीएच वापरणाऱ्या कोणालाही हे पटकन जमेल, एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट. मॅग्नेशियमचा रकाना वेगळा असतो, तो लोहाच्या तुलनेत दिलेला, म्हणजे शून्य आलं तर मॅग्नेशियम आणि लोहाचं प्रमाण सूर्यासारखंच, अधिक ०.३ आलं तर लोहाच्या मानाने मॅग्नेशियम दुप्पट.

आता मुख्य गोष्ट. आडव्या अक्षावर लोह घेतलं, उभ्यावर मॅग्नेशियम, आणि स्कल्प्टरचे ठिपके टाकले. डावीकडे, लोह कमी असलेल्या ताऱ्यांत मॅग्नेशियम वर आहे, आणि मग उजवीकडे सरकताना ते खाली खाली उतरत जातं, उणे १ पाशी पोचेपर्यंत शून्याच्या खाली. मग त्याच पानावर मी आपल्या आकाशगंगेचे तारे दुसऱ्या रंगात टाकले. त्यांचे उणे १ वाले तारे अजून वरच, अधिक ०.३ च्या आसपास. लोह सारखंच, दहावा भाग, पण मॅग्नेशियम कुठल्या कुठे. दोन शेतांत जस्त सारखं आलं आणि फॉस्फरस एकदम वेगळा आला तर आम्ही काय म्हणतो, या दोन रानांना खत वेगळ्या वेळी वेगळं पडलंय. इथेही अक्षरशः तेच झालंय.

कारण असं की मॅग्नेशियम आणि लोह वेगळ्या गाडीतून येतात. मोठे तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात आणि स्फोट होताना ऑक्सिजन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, कॅल्शियम भरपूर टाकतात, लोह त्यामानाने थोडं. लोहाचा मोठा हप्ता येतो तो श्वेतबटूच्या, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या गाभ्याच्या, स्फोटातून, ज्याला टाइप वन-ए म्हणतात, आणि तो उशिरा येतो, साधारण दहाएक कोटी वर्षांनी आणि पुढे अब्जावधी वर्षं येतच राहतो. मोठ्या दीर्घिकेत तारे धडाधड जन्मतात, त्यामुळे हा उशिराचा हप्ता पोचेपर्यंत पहिल्या स्फोटांनीच लोह बरंच वर नेलेलं असतं. बटू दीर्घिकेत काम संथ, हप्ता आला तेव्हा लोह अजून सूर्याच्या शंभराव्या भागाच्याच आसपास रेंगाळत होतं, म्हणून मॅग्नेशियमची रेघ तिथेच वळली. या वळणाला सगळे गुडघा म्हणतात. तो कुठे वळलाय ते बघितलं की दीर्घिकेने किती वेगाने संसार केला ते कळतं. एका ठिपक्यात एक तारा आणि एवढ्या ठिपक्यांत सगळी कहाणी, मला तर हे बघून भरून आलं.

आणि संथ असायला अगदी छोटंच असावं लागतं असंही नाही बरं का. डेव्हिड निडेव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये याच अपोजीच्या आकड्यांवरून दाखवलं की मॅजेलनचे ढग, म्हणजे आकाशगंगेच्या शेजारच्या दोन दीर्घिका, ज्या स्कल्प्टरपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, त्यांचा गुडघा उणे २.२ च्याही खाली आहे. म्हणजे एवढा ऐवज असून सुरुवातीला फारच सावकाश चाललेले.

दुसरा प्रश्न माझ्या मनात आला तो असा की एवढे स्फोट झाले तर लोह इतकं कमी का उरलं. उत्तर ऐकून मला आमच्याकडच्या उताराच्या जमिनी आठवल्या. बटू दीर्घिकेचं गुरुत्वाकर्षण इतकं दुबळं की स्फोटात तयार झालेला माल बाहेरच उडून जातो. इव्हान कर्बी यांनी केक दुर्बिणीवरच्या डीमॉस यंत्राने आठ बटू दीर्घिकांमधल्या २९६१ ताऱ्यांची यादी २०१० मध्ये दिली, आणि पुढच्या वर्षी त्यावरून हिशोब मांडला की या दीर्घिकांनी स्वतः तयार केलेल्या लोहातलं ९६ टक्क्यांहून जास्त गमावलंय. शंभर किलो टाकलं, चार किलोही रानात राहिलं नाही. ज्यांनी धो धो पावसानंतरच्या हलक्या जमिनीचा रिपोर्ट बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता या सर्व्हिसमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जी कोर्समध्ये कोणी सांगितली नव्हती. एएएसमध्ये ज्योतीचं तापमान ठरलेलं असतं, हवा-अ‍ॅसिटिलीनची ज्योत साधारण २३०० सेल्सिअस, म्हणून रेघ किती गडद त्यावरून थेट प्रमाण काढता येतं. ताऱ्याची ज्योत आपल्या हातात नाही. एक तारा चार हजार केल्व्हिनचा, दुसरा पाच हजारांचा, आणि तापमान बदललं की अणूंमधले इलेक्ट्रॉन किती सुटतात तेच बदलतं, मग लोह तेवढंच असूनही रेघ फिकी किंवा गडद दिसते. हे गणित मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलं आणि आजही ताऱ्याचं रसायन काढायचं तर त्यावाचून चालत नाही. आमच्याकडे चुनखडीच्या जमिनीत सोयाबीन आणि उसाला केवडा पडतो, पानं पिवळी, आणि मातीत एकूण लोह बघाल तर भरपूर, फक्त ते पिकाला मिळेल अशा रूपात नसतं. दिसतंय ते आणि आहे ते यात फरक असतो, रूप कोणतं हे आधी ठरवावं लागतं. स्कायसर्व्हरमध्ये प्रत्येक ताऱ्यापुढे तापमान आणि पृष्ठभागावरचं गुरुत्व दिलेलं आहे, आणि त्या ताऱ्याचं पान उघडलं तर वर्णपटही समोर येतो. आकडा पटला नाही तर मूळ रेघा डोळ्याने बघा. अशी मोकळीक मी फार थोड्या ठिकाणी बघितलीय.

आता कापलेला अर्धा मार्क. त्यांचं हे आकडे काढणारं सॉफ्टवेअर, अ‍ॅस्पकॅप, उणे २.५ च्या खाली जातच नाही. तयार वर्णपटांची जी जाळी त्यांनी तुलनेला ठेवलीय ती तिथेच संपते. मोठ्या दीर्घिकेसाठी हे चालून जाईल, पण बटू दीर्घिकेत तर खरा खजिना त्याच्याच खाली आहे. याच स्कल्प्टरमध्ये २०२१ साली आउसा स्कूलादॉतिर आणि सहकाऱ्यांनी एएस ००३९ नावाचा तारा जाहीर केला, लोह उणे ४.११, म्हणजे सूर्याच्या सुमारे तेरा हजाराव्या भागाएवढं, विश्वातल्या अगदी पहिल्या पिढीच्या एखाद्या प्रचंड स्फोटाची राख त्यात असावी असा त्यांचा निष्कर्ष. असा तारा इथे शोधत बसाल तर मिळायचा नाही. तेव्हा आलेखाची डावी बाजू अचानक संपली तर दीर्घिकाच तिथे संपली असं समजू नका, पट्टी तिथे संपलीय.

आणि दुसरं, जड मूलद्रव्यं. बेरियम नाही, युरोपियम नाही, या पट्ट्यात त्यांच्या उपयोगी रेघाच नाहीत, सिरियम तेवढं आहे. मला युरोपियम हवं होतं कारण माझा जीव रेटिक्युलम २ मध्ये पण अडकलाय. ही २०१५ मध्ये सापडलेली अतिशय अंधुक दीर्घिका, सुमारे एक लाख प्रकाशवर्षांवर. अलेक्झांडर जी आणि ॲना फ्रेबेल वगैरेंनी चिलीतल्या मॅजेलन दुर्बिणीने तिचे नऊ तारे तपासले आणि त्यातल्या सातांमध्ये युरोपियमसारखी जड मूलद्रव्यं इतकी ठासून भरलेली निघाली की बाकीच्या तसल्या अंधुक दीर्घिकांत असं काही सापडतच नव्हतं. २०१६ मध्ये त्यांनी मांडलं की हे एकाच दुर्मीळ घटनेचं काम, बहुधा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचं. पुढच्याच वर्षी १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो आणि व्हर्गो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणांनी अशी टक्कर प्रत्यक्ष पकडली. सोनंही याच वाटेने तयार होतं. आणि तसलंच एक लायगो आमच्या शेजारी हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये त्याला २६०० कोटी मंजूर केलेत, तेव्हा हा विषय आमच्यासाठी लांबचा अजिबात नाही. रस्त्याने जाताना मी आता त्या बाजूला बघते आणि मनात रेटिक्युलमचे ते सात तारे येतात.

तर ज्यांना युरोपियम-बेरियम हवं त्यांनी जपानच्या होक्काइडो विद्यापीठाचा सागा डेटाबेस बघा, तोही फुकट. त्यात वेगवेगळ्या संशोधकांनी छापलेले आकडे एकत्र केलेत, बटू दीर्घिकांसकट, आणि दोन अक्ष निवडले की आलेख तिथेच काढून देतो, एसक्यूएल लागत नाही. पण तिथे दहा लॅबचे रिपोर्ट एका फाईलमध्ये लावल्यासारखं आहे, प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रमाण मानलेला सूर्यही कधी वेगळा, त्यामुळे दोन ठिपक्यांत ०.१-०.२ चा फरक दिसला तर लगेच त्यावर कहाणी रचू नका. स्कायसर्व्हरचं बळ उलट हेच की सगळे तारे एकाच पद्धतीच्या यंत्राने आणि एकाच हिशोबाने मोजलेत, आकाशगंगेचे पण आणि बटू दीर्घिकांचे पण, म्हणून तुलना सरळ करता येते. मी दोन्ही वापरते, गुडघ्यासाठी स्कायसर्व्हर, जड मूलद्रव्यांसाठी सागा.

नवीन माणसाला एक सल्ला. स्कल्प्टरचे तारे मोजकेच मिळतात आणि तेही फक्त तांबडे राक्षसी, म्हणजे म्हातारपणी फुगलेले तारे, कारण तेवढ्या अंतरावरून तेच दिसतात. आम्ही एका शेतातून नागमोडी फिरून आठ-दहा जागची माती घेतो तेव्हा कुठे तो नमुना शेताचा म्हणता येतो, इथे तशी निवड आपल्या हातात नाही हे डोक्यात ठेवा. त्यामुळे पहिल्यांदा धनू बटू दीर्घिका घ्या, १९९४ मध्ये सापडलेली, आकाशगंगा जिला सध्या फाडून खातेय ती. ती बरीच जवळ, तारे उजळ आणि यादीत भरपूर, मॅग्नेशियमची घसरण एकदम ठळक दिसते, हात बसतो, मग लांबच्यांकडे जा.

बाकी पान मराठीत नाही, मदतीचा मजकूर इंग्रजीत आहे पण उदाहरणाच्या क्वेरी तयार दिलेल्या आहेत, त्यातले आकडे बदलून काम होतं. साध्या शोधाला खातं काढावं लागत नाही, मोठी यादी हवी तर कॅसजॉब्स या त्यांच्याच दुसऱ्या पानावर काढा, तेही फुकट. जुलै २०२५ मध्ये रिलीज १९ पण आलंय, मी अजून १७ वरच आहे कारण माझे सगळे आलेख त्यावर बसलेत.

येत्या रविवारी भाचा येतोय, फॉर्नॅक्स काढायची आहे. तिथे तारे अगदी दहा-वीस कोटी वर्षांपूर्वीपर्यंत जन्मत होते म्हणे, म्हणजे वही एवढ्यातच मिटलेली, बघू तिचा गुडघा कुठे वळतो ते. वेगाची गाळणी मी आधीच लावून ठेवलीय.